दुसऱ्या तपासणीची जबाबदारी

लैंगिक संसर्गाच्या आजारांची तपासणी एकदा करून भागत नाही, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. परंतु आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा कारभार पहिल्या तपासणीभोवतीच बेतलेला आहे. शिबिरे भरतात ती पहिल्या तपासणीची. उद्दिष्टे नेमून दिली जातात ती पहिल्या तपासणीची. आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनी जे आकडे जाहीर होतात, त्यांतही किती जणांची तपासणी झाली हाच आकडा ठळक असतो. ज्यांना ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ असे सांगितले होते त्यांपैकी किती परत आले, जे आले नाहीत त्यांना कोणी आठवण दिली, कोणत्या शब्दांत दिली आणि ती देताना त्यांचे गुपित राखले गेले की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आणि सहानुभूतिदारांनी ते विचारावेत, यासाठी हा लेखप्रपंच.

विषय संकोचाचा आहे. कापसाच्या भावासाठी मोर्चा निघतो, पिण्याच्या पाण्यासाठी घागरी घेऊन बाया तहसील कचेरीवर जातात. पण रक्त पुन्हा तपासायला कसे जावे, या अडचणीसाठी कोणी रस्त्यावर येत नाही. ज्याची अडचण आहे त्याला ती उघड बोलताच येत नाही. ज्या प्रश्नाला आवाज नाही त्याला आवाज देणे हे आपले काम आहे असे आपण मानत असू, तर या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही.

फेरतपासणी कशासाठी, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यापासून नेहमीच्या तपासणीत तो दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात मिळालेला ‘दोष नाही’ हा निर्वाळा अपुरा असतो. म्हणून अलीकडे धोका पत्करलेल्या माणसाला सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. उपदंशाचे, म्हणजे बोलीतल्या गर्मीचे, निराळे आहे. पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असे होत नाही. रक्तातील प्रतिद्रव्यांचे प्रमाण उतरते आहे की नाही, हे पुढील वर्षभरात ठराविक महिन्यांनी मोजावे लागते, आणि ते एक चतुर्थांशावर किंवा त्याहून खाली आले म्हणजे उपचार लागू पडला असे डॉक्टर मानतात. परमा आणि क्लॅमिडिया यांत औषधाने जंतू जातात. पण जोडीदारावर उपचार झालेले नसतील तर तेच दुखणे पुन्हा जडते. त्यामुळे तीन महिन्यांच्या सुमारास पुन्हा तपासावे, असा अनेक देशांतील तज्ज्ञांचा सल्ला आहे.

आपल्याकडील शासकीय ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये बहुधा लक्षणांवरून औषधांचे ठरीव पाकीट मोफत देतात आणि आठवडाभराने परत यायला सांगतात. प्रयोगशाळा तोकड्या असलेल्या देशात ही पद्धत व्यवहार्य आहे. परंतु तिचा अर्थ असा की, औषध लागू पडले की नाही हे समजण्याचा मुख्य मार्ग रुग्णाचे परत येणे हाच उरतो. तो परत आला नाही तर उपचार यशस्वी झाला की फसला, हे डॉक्टरला कळत नाही, सरकारला कळत नाही आणि पुष्कळदा रुग्णालाही कळत नाही.

रुग्णाला का कळत नाही, याचे उत्तर विदर्भातच मिळालेले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्यांपैकी निम्मे दुखणे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. या ६५० पैकी ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हे सगळे आजार लैंगिक संबंधांतून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्या अभ्यासाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. तक्रार नाही म्हणजे आजार नाही, ही समजूत खोटी आहे. ज्या बाईला पहिल्यांदाच काही होत नव्हते, तिने दुसऱ्यांदा आपणहून यावे ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

आता यवतमाळकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती, आणि तिच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. तालुके सोळा. पैनगंगेच्या काठचे उमरखेड जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. तेलंगणाच्या सीमेला टेकलेला झरी जामणी दुसऱ्या टोकाला. कोलामांची पोडे डोंगरउतारावर, बंजाऱ्यांचे तांडे माळावर. अशा ठिकाणाहून तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन रक्त देणे म्हणजे एक दिवस जाणे, आणि अहवालासाठी पुन्हा बोलावले तर दुसरा दिवस जाणे. मार्च २०२३ मध्ये एस. टी. त महिलांना निम्मे तिकीट झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण तिकीट निम्मे झाले म्हणून बुडालेली मजुरी भरून निघत नाही. दसऱ्याच्या सुमारास तपासणी झालेल्या शेतमजूर बाईला ‘तीन महिन्यांनी या’ म्हटले, तर ती तारीख ऐन वेचणीच्या दिवसांत पडते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वर्षातील जे थोडे दिवस हातात रोकड येते, नेमके तेच दिवस तिने रुग्णालयाच्या बाकावर घालवावेत, असे आपले वेळापत्रक सांगते.

त्यात स्थलांतराची भर पडते. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आणि त्यांच्यामागे ट्रकांची वर्दळ. नागपूर-हैदराबाद महामार्ग करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून आदिलाबादकडे जातो. ज्या माणसाची पहिली तपासणी पांढरकवड्याला झाली, तो तीन महिन्यांनी कोणत्या राज्यात असेल हे त्यालाही ठाऊक नसते. दूर कशाला, आपल्या घरातील रीतच पाहा. गरोदर बाईची उपदंशाची व एचआयव्हीची तपासणी सासरच्या गावी होते आणि बाळंतपण माहेरी. दोन तालुक्यांच्या दोन नोंदवह्या एकमेकींना ओळखत नाहीत. उपदंशावर वेळेत उपचार न झालेल्या गर्भारपणात मूल मृत जन्मण्याचा किंवा आजार घेऊन जन्मण्याचा धोका असतो. तो पेनिसिलिनच्या साध्या इंजेक्शनाने टाळता येतो, पण ते इंजेक्शन दिले गेले का, नवऱ्यालाही दिले का आणि ते लागू पडले का, हे पाहणारे कोणी दोन्ही गावांना जोडून पाहणारे असावे लागते.

अशा माणसाच्या नावापुढे नोंदवहीत ‘एलएफयू’ असा शेरा पडतो. पाठपुराव्यातून सुटलेला, असा त्याचा अर्थ. या शेऱ्यात एक निवाडा लपलेला आहे. सुटला तो रुग्ण. चूक झाली ती रुग्णाची. त्याला आपल्या जिवाची पर्वा नाही, तो अडाणी आहे, बेफिकीर आहे. हा निवाडा आम्हांला अमान्य आहे. ज्या व्यवस्थेने त्याला गाठण्याचा मार्ग विचारला नाही, त्याच्या कामाचे दिवस विचारले नाहीत, तो कोठे जाणार हे विचारले नाही, तिच्या हातून तो सुटला आहे. बँक आपल्या कर्जदाराला विसरत नाही. हप्ता थकला की माणूस दारात येतो. मतदारयादीतील नाव निवडणुकीच्या दिवशी कोणी विसरत नाही. मग ज्याच्या रक्ताची नळी सरकारी प्रयोगशाळेत गेली, त्याचाच तेवढा विसर का पडावा?

आठवण देणे सोपे झाले आहे, मोबाईलवर संदेश पाठवला की झाले, असे यावर सांगितले जाते. या म्हणण्याची परीक्षा झालेली आहे आणि तिचे निकाल शिकण्यासारखे आहेत. केनियात एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला एक शब्दाचा संदेश पाठवण्यात आला: ‘माम्बो?’ स्वाहिलीत याचा अर्थ ‘काय चाललंय?’ असा होतो. आजाराचे नाव नाही, औषधाचे नाव नाही. रुग्णाने ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ एवढेच उत्तर द्यायचे. अडचण असलेल्यांना आणि उत्तर न देणाऱ्यांना दवाखान्यातील माणूस फोन करी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषधे नीट घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळालेल्यांत ६२ टक्के तर इतरांत ५० टक्के होते. याउलट दक्षिण भारतात अशाच रुग्णांना दर आठवड्याला यंत्राने ध्वनिमुद्रित फोन व चित्रसंदेश पाठवण्यात आले. त्यांचा लक्षणीय उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन देशांची, दोन समाजांची तुलना सरळसोट करता येत नाही, आणि हे प्रयोग औषधांच्या नियमितपणाचे होते, फेरतपासणीचे नव्हते. तरीही एक फरक डोळ्यांत भरतो. केनियातील संदेशामागे उत्तर ऐकणारा माणूस होता.

फेरतपासणीबाबतचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. क्लॅमिडियावर उपचार झालेल्या सर्वांनाच तीन महिन्यांनी मोबाईलवर आठवण पाठवली गेली. पण काहींना केवळ दवाखान्यात यायला सांगितले, तर काहींना घरच्या घरी नमुना घेण्याची पेटी टपालाने पाठवली. पहिल्या गटातील सुमारे ३९ टक्के लोकांची फेरतपासणी झाली, दुसऱ्यातील सुमारे ६१ टक्के. श्रीमंत देश, चांगले रस्ते, प्रत्येकाच्या हाती फोन, तरी निव्वळ आठवणीने शंभरांतील साठ माणसे आली नाहीत. तपासणीच घराजवळ गेली तेव्हा आकडा बदलला. यवतमाळला याचा अर्थ असा, की पोडावरच्या बाईला ‘या’ म्हणून कळवण्याइतकेच तिचे येणे शक्य करणे महत्त्वाचे आहे. ते न करता दिलेली आठवण म्हणजे केवळ टोचणी.

शिवाय फोन कोणाचा, हा प्रश्न आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. खेड्यांत त्याहून कमी. बाकीच्या घरांत फोन नवऱ्याचा, दिराचा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाचा. त्या फोनवर ‘आपली रक्ततपासणी बाकी आहे, समुपदेशन केंद्रात या’ असा संदेश आला, तर तो प्रथम वाचणार कोण? ज्या आजाराचा संसर्ग तिला नवऱ्याकडून झाला, त्याच आजारावरून तिला घराबाहेर काढले जाण्याची भीती काल्पनिक नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, संमतीवाचून तपासणी करण्यास आणि संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यास सर्वसाधारणतः मनाई केली आहे. पण ते संरक्षण एचआयव्हीपुरते आहे. उपदंशाच्या किंवा परम्याच्या रुग्णासाठी असा खास कायदा नाही. तेथे भिस्त डॉक्टरच्या आणि कर्मचाऱ्याच्या सचोटीवर.

आठवण आणि पाळत यांतील अंतर किती थोडे असते, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. इंग्रज सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याखाली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि ठराविक काळाने सक्तीची फेरतपासणी होई. सैनिकांवर मात्र ती सक्ती नसे. १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण ‘तपासणीला बोलावणे’ म्हणजे ‘पकडून नेणे’ हा धाक मागे उरला. तो धाक जुना झाला असेही नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला, तेव्हा त्याला बोलावणे आले ते पोलिसांकडून, आणि ६४ दिवस त्याला एकट्याला स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्याने न्यायालयात दाद मागितली आणि पुढे अशा रुग्णांच्या हक्कांसाठी काम उभे केले. १९९२ मध्ये तो वारला. ज्या समाजाने असे बोलावणे पाहिले आहे, त्या समाजात रुग्णाला पुन्हा बोलावताना शब्द जपून वापरावे लागतात. आठवण हे आमंत्रण असले पाहिजे. ते नाकारण्याचा अधिकार रुग्णाला आहे, आणि नाकारल्याबद्दल त्याचे रेशन, त्याचे काम, त्याची दुसरी कोणतीही सवलत धोक्यात येता कामा नये.

केळापूर आणि झरी जामणी भागातील कोलाम कुमारी मातांचा प्रश्न गेली कित्येक वर्षे वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात गाजतो आहे. दर खेपेस वाद होतो तो त्यांच्या संख्येवरून, आणि पुनर्वसनाच्या घोषणा होतात. ज्या पुरुषांनी फसवले ते ठेकेदार, वाहनचालक, बाहेरगावचे व्यापारी वाटेने निघून जातात. मूल आणि बोलणी बाईच्या पदरी राहतात. या मुलींच्या प्रकृतीचे काय, त्यांची एकदा तपासणी झाली असेल तर दुसरी झाली का, हा प्रश्न त्या गदारोळात कितीदा विचारला गेला? आणि उद्या कोणी तो विचारायला निघाले, तर पोडावर गाडी नेऊन नावे पुकारण्याचा प्रकार तरी होऊ नये. त्यांना दुसऱ्यांदा उघडे पाडून आरोग्यसेवा देता येत नाही.

मग मार्ग कोणता? शेजारच्या वर्धा जिल्ह्यात त्याची अर्धी वाट घालून दिलेली आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही पद्धत रूढ केली. कुष्ठरोग्याने वर्षानुवर्षे औषध घ्यायचे असे. तो येईल म्हणून वाट पाहत न बसता कार्यकर्ताच औषध घेऊन गावोगाव फिरू लागला. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. परत येण्याचा भार रुग्णाच्या खांद्यावरून उतरवून व्यवस्थेने तो स्वतः उचलला, हे तिचे मर्म. लैंगिक आजारांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही, कारण येथे दारावर येणेच गुपित फोडू शकते. पण मर्म तेच राहील.

आज हे काम कोणाच्या माथी येईल, हे उघड आहे. आशा सेविका आणि कंत्राटी समुपदेशक. २००५ पासून खेड्यातील आरोग्याचा गाडा ओढणाऱ्या आशांना सरकार कर्मचारी मानत नाही. ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि कामावर मोबदला मोजते. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला, तो आपल्या श्रमाला किंमत मिळावी म्हणून. आशा त्याच गावची सून असते. तिच्या तोंडून बाहेर पडलेला एक शब्द एखाद्या बाईचा संसार मोडू शकतो, आणि तिने राखलेले मौन तो वाचवू शकते. एवढ्या विश्वासाचे काम सरकार तिच्याकडून फुकटात किंवा चिल्लर मोबदल्यात करून घेऊ पाहील, तर ते होणार नाही आणि होऊही नये. समुपदेशकाचेही तसेच. रुग्ण परत येतो तो इमारतीकडे येत नाही, ओळखीच्या माणसाकडे येतो. कंत्राट संपून तो माणूसच बदलला, तर मनातले पुन्हा कोणापुढे उघड करायचे?

या साऱ्याचा विचार करून काही मागण्या आम्ही जिल्ह्यापुढे ठेवू इच्छितो. पहिल्या भेटीतच रुग्णाला विचारावे, की तुम्हांला कसे कळवावे? स्वतःच्या फोनवर, अमुक वेळी, विश्वासाच्या माणसाकरवी, की मुळीच नको? त्याचे उत्तर लिहून ठेवावे आणि पाळावे. संदेशात आजाराचे, तपासणीचे वा केंद्राचे नाव नसावे. हातात दिलेल्या कार्डावर केवळ क्रमांक व तारीख असावी, आणि त्या क्रमांकावर राज्यातील कोणत्याही शासकीय केंद्रात फेरतपासणी व्हावी. म्हणजे स्थलांतरित मजुराला आणि माहेरी गेलेल्या बाईला आपली कहाणी पुन्हा सांगावी लागणार नाही. परतीची तारीख ठरवताना पेरणी, वेचणी आणि ऊसतोडीचे हंगाम पाहावेत. आठवडी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेण्याची सोय असावी. बाजाराला निघालेल्या बाईला कोणी ‘कोठे चाललीस’ म्हणून विचारत नाही, आणि मधुमेह, रक्तक्षय, सिकलसेल या तपासण्यांबरोबरच ही तपासणी झाली तर रांगेतील कोण कशासाठी उभा आहे हेही कळत नाही. एकही दिवस पेनिसिलिनवाचून जाऊ नये. हे औषध जुने आणि स्वस्त आहे, त्यावर कोणाची मक्तेदारी नाही. म्हणूनच ते बनवण्यात कारखानदारांना फारसा रस उरला नाही आणि जगात अनेक देशांना त्याची टंचाई सोसावी लागली. नफ्याच्या हिशेबात न बसणारी औषधे सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर पुरवली पाहिजेत. आणि शेवटी, परत यायला सांगितलेले किती, आलेले किती, हे दोन आकडे प्रत्येक केंद्राने दर तिमाहीस प्रसिद्ध करावेत. नावे नकोत, गावे नकोत, आकडे पुरेत.

पुरुषांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. फेरतपासणीची सारी चर्चा बाईभोवती फिरते, कारण गरोदरपणामुळे ती रुग्णालयाच्या दारात आलेली असते. पुरुष मात्र बसस्थानकाजवळच्या भिंतीवरील जाहिराती वाचून ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे जातो, पैसे घालवतो, अर्धवट औषध घेतो आणि घरी परततो. त्याच्यावर उपचार न करता बाईला पुन्हा पुन्हा बोलावणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे. संध्याकाळी उघडे असणारे, पुरुष कर्मचारी असलेले केंद्र महामार्गावर, खाणीजवळ, कापूस बाजारापाशी हवे. १०९७ हा मोफत मदतीचा फोन क्रमांक आहे. तो पानठेल्यावर आणि ट्रकतळावर ठळक लिहिलेला दिसला पाहिजे.

या कामात पक्षकार्यकर्त्याची जागा कोणती? रुग्णांची नावे विचारणे हे त्याचे काम नाही, आणि सांगितली तरी ती ऐकू नयेत. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत त्याने व्यवस्थेची झडती घ्यावी: समुपदेशकाची जागा किती महिने रिकामी आहे, पेनिसिलिनचा साठा किती आहे, बोलण्यासाठी दार लागणारी खोली आहे की नाही. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. शेतमजुरांच्या, आशांच्या, ट्रकचालकांच्या संघटनांत या विषयावर सरळ, स्वच्छ मराठीत बोलावे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले, पण लैंगिक आरोग्यावर मराठीत उघड लिहिणे सोडले नाही. त्या भाषेचे वारस म्हणवणाऱ्यांनी आज दबक्या आवाजात कुजबुजण्याचे कारण नाही. आणि आपल्याच बैठकीत कोणी एखाद्या बाईविषयी किंवा भावाविषयी हलक्या आवाजात काही सांगू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. गावात गुपित राखले जाते ही खात्री पटल्याशिवाय कोणीही दुसऱ्यांदा येणार नाही.

आजार गुप्त ठेवण्याची सक्ती समाजाने केली आहे. आपली माहिती गुप्त राखली जावी हा मात्र रुग्णाचा हक्क आहे. सक्ती मोडायची आणि हक्क जपायचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. यवतमाळ जिल्ह्यात येत्या वर्षभरात किती शिबिरे झाली याचा हिशेब अधिकारी देतीलच. तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेल्या माणसांपैकी किती परत आले, याचा हिशेब आपण मागितला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत मागत राहिले पाहिजे.